सोलेनॉइड काका

सोसायटीत ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या आणि काकांच्या निवृत्तीला अर्थ आला. तोपर्यंत ते लिफ्टच्या आवाजावर भागवत होते.

काकांचा जन्म भोसरीच्या एका कारखान्यात हायड्रॉलिक प्रेस सांभाळण्यात गेला. तेलाच्या दाबाने लोखंड हलताना ज्याने रोज पाहिलंय, त्याला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स परका वाटत नाही. खिशात ब्लूटूथचा स्कॅनर, पिशवीत मल्टिमीटर. दूध आणायला निघाले तरी पिशवी तीच.

"काका, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना गाडी झटका देते," एवढं कुणी म्हणायचा अवकाश, काका खाली हजर. "गार असताना की तापल्यावर?" हा पहिला प्रश्न. उत्तर कुणालाच देता येत नाही, कारण झटका बसला की लोक आधी मागच्या गाडीवाल्याकडे रागाने बघतात.

मग सोलेनॉइड म्हणजे काय, ते ऐकावं लागतं. तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि त्यात सरकणारी दांडी. वीज आली की दांडी सरकते, तेलाची वाट उघडते किंवा मिटते, तेल क्लचवर दाब देतं आणि गिअर पडतो. एवढंच. पण 'एवढंच'पर्यंत यायला काकांना अर्धा तास लागतो. वाटेत भोसरीची प्रेस येते, त्या वेळचे साहेबही येतात.

स्कॅनरवर पी ०७५० उमटला की मालक हुरळतो. "पहिला शिफ्ट सोलेनॉइड गेला! मागवू का नवा?" इथे काकांचा आवाज चढतो. "अरे बाबा, कोड म्हणजे फिर्याद, निकाल नव्हे!" पी ०७०० ला तर ते फिर्यादही मानत नाहीत, गिअरबॉक्सच्या कंप्युटरकडे चौकशी करा, एवढंच तो सांगतो.

तपास सुरू होतो तेलापासून. पातळी कमी असेल, किंवा तेल काळं पडून जळकट वास येत असेल, तर सोलेनॉइडवर आळ घेणं काकांना अन्याय वाटतो. थेंब बोटांत चोळून ते हुंगतात आणि डोळे मिटतात. आपल्या आमटीला हे भाग्य कधी लाभलं नाही, ही काकूंची जुनी तक्रार.

पुढे कनेक्टर, वायरिंग. उंदराने कुरतडलेली वायर सापडली तर काकांचा चेहरा बघावा! शेवटी ओहम. त्याआधी त्या मॉडेलच्या पुस्तकातला आकडा हवाच. नुसत्या चालू-बंद होणाऱ्या सोलेनॉइडचा रोध साधारण १० ते २५ ओहम, तर दाब सांभाळणाऱ्याचा बरेचदा ५ च्या आसपास. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला की चांगला माल भंगारात जातो. मीटर अनंत दाखवत असेल तर तार तुटलेली, शून्याजवळ असेल तर शॉर्ट. गार गाडीत आकडा बरोबर आला तरी सुटका नाही. काही वेटोळी तापल्यावरच दगा देतात, म्हणून मालकाने कात्रजच्या घाटातून एक चक्कर मारायची. काका शेजारी बसणार, बोलत.

गॅरेजवाल्यांशी त्यांचं जमत नाही. "गिअरबॉक्स उतरवावा लागेल" हे वाक्य ऐकलं की त्यांचा रक्तदाब वाढतो. सोलेनॉइड बहुधा व्हॉल्व्ह बॉडीवर बसवलेले असतात आणि कित्येक गाड्यांत खालचं चेंबर काढलं की हाताला लागतात. गिअरबॉक्स जागचा हलत नाही. काही गाड्यांत मात्र व्हॉल्व्ह बॉडीसकट सगळा संच बदलावा लागतो. हे काका मान्य करतात, पण हळू आवाजात. स्वतः पाना धरत नाहीत. कंबर.

दोष म्हणाल तर एकच, सोलेनॉइड त्यांना सगळीकडे दिसतो. आमच्या शेजारच्या वहिनींच्या वॉशिंग मशीनमध्ये पाणी येईना, तर काका मशीन न बघताच म्हणाले, "सोलेनॉइड!" आणि निघालाही तोच, कारण मशीनमध्ये पाणी सोडणारा व्हॉल्व्ह सोलेनॉइडवरच चालतो. त्या दिवसापासून काका आवरत नाहीत. परवा मीटिंगमध्ये टाकीच्या खर्चाचा हिशेब विचारल्यावर सेक्रेटरी गप्प बसले, तेव्हाही मागच्या खुर्चीतून आवाज आला, "वीज पोचतेय, दांडी सरकत नाहीये."

फी घेत नाहीत. चहा घेतात, साखर कमी. तुमची गाडी एकाच गिअरला अडकून रेंगाळायला लागली, तर काकांना जरूर हाक मारा. फक्त त्या संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका.