गावी वर्कशॉप कसे बांधावे

प्रस्तुत मार्गदर्शन रत्नागिरी जिल्ह्यात वडिलोपार्जित जागा असलेल्या, मुंबई-पुण्यातली नोकरी संपवत आणलेल्या आणि रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर परदेशी सुतारांचे व्हिडिओ पाहणाऱ्या गृहस्थांसाठी आहे. त्या व्हिडिओत एक दाढीवाला माणूस सोमवारी रानात जातो आणि शुक्रवारी तिथे खिडक्या-दारांसकट वर्कशॉप उभे असते. त्याला चुलतभाऊ नसतात, हे आधी नीट ध्यानात घ्यावे.

बांधकाम पायापासून सुरू होते हा शहरी समज आहे. गावी ते सातबाऱ्यापासून सुरू होते. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची आणि नमुना बारा म्हणजे तिच्यात काय पिकते. कोकणात सातवर माणसे भरघोस येतात, बारावर गवत. आपल्या उताऱ्यावर बोरिवलीची आत्या, बडोद्याचे काका आणि ज्यांच्या हयातीबद्दल घरात एकमत नाही असे एक बापूकाका निघतील. प्रत्येकाला फोन करावा. फोनवर 'वर्कशॉप' म्हणू नये. त्यात लोकांना पैसा ऐकू येतो. 'अवजारं ठेवायला जरा एक खोपी घालतोय' म्हणावे. पलीकडून उत्तर येते, "घाल की, आमचं काय जातंय? फक्त जरा बाजूला घाल." बाजूला म्हणजे कुठे, हे विचारू नये. जमिनीच्या कोणत्याही बिंदूवर उभे राहून विचारले तरी उत्तर 'अजून जरा बाजूला' हेच येते.

सरकारचीही एक बाजू आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 शेतीच्या कामाची इमारत वेगळी धरते आणि इतर वापर वेगळा. नांगर दुरुस्त करण्याची जागा आणि चौरंग बनवण्याची जागा यांत फरक काय, हा तात्त्विक प्रश्न तलाठ्याच्या टेबलावर पडू देऊ नये. गावठाणात जागा असेल तर तिथे बांधावे, ग्रामपंचायतीची परवानगी लेखी घ्यावी आणि पावती पत्र्याच्या डब्यात ठेवावी. कपाटात ठेवली तर वाळवी आधी वाचते.

इथेच या शास्त्राचे मुख्य कलम सांगून टाकतो. अंदाजपत्रकात 'अडचण' ही स्वतंत्र बाब दाखवावी आणि तिला तळाशी 'किरकोळ' मध्ये न ढकलता सिमेंटच्या वर लिहावे. तसेच आराखड्यातल्या प्रत्येक मापाशेजारी दुसरे, लहान माप पेन्सिलीने लिहून ठेवावे. पहिले माप मित्रांना सांगण्यासाठी, दुसरे गवंड्यासाठी.

उदाहरणार्थ लांबी. प्लायवूडचा पूर्ण तक्ता आठ फूट बाय चार फूट असतो. तो टेबल सॉवर लांबीत फाडायचा तर पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळे लागतात. मशीन आणि आपले पोट धरून खोली वीस फुटांच्या आत बसत नाही. वीस बाय चौदा म्हणजे 280 चौरस फूट. गुंठा 1089 चौरस फुटांचा, म्हणजे एका गुंठ्यात असली तीन वर्कशॉपे आरामात मावतात. हे कागदावर. जागेवर फणस, विहिरीचा कठडा, राखणदाराचा दगड आणि चुलत्याचा गडगा वगळला की सतरा फूट उरतात. फणस तोडावा असे मनातही आणू नये. 1964 च्या झाडतोडीच्या कायद्याच्या अनुसूचीत आंबा, साग, ऐन आहेत तसा फणसही आहे. त्याला परवानगी लागते, आणि आत्याची वेगळी लागते. पहिली मिळूही शकते. तेव्हा सतरा फुटांतच तक्ता फाडावा आणि शेवटचे तीन फूट खिडकीतून बाहेर जाऊ द्यावेत. त्यासाठी खिडकी बरोबर पात्याच्या रेषेत ठेवावी. पाहुण्यांना ती उजेडासाठी आहे असे सांगावे.

आता वेळ. कोकणात बांधकामाचे वर्ष बारा महिन्यांचे नसते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस उतरला की खणलेल्या पायात बेडूक राहायला येतात. जुलैत लावणी असते आणि गवंडी, बिगारी, टेम्पोवाला, सगळे गुडघाभर चिखलात असतात, कारण ते आधी शेतकरी आहेत आणि मग गवंडी, बिगारी, टेम्पोवाले. भाद्रपदात गणपती येतात. त्या दिवसांत कामाची गोष्ट काढणाऱ्याकडे लोक दयेने पाहतात. दिवाळीच्या आगेमागे भातकापणी आणि झोडणी. त्यानंतर शिमग्यापर्यंत पंचांगात एक मोठा, कोरडा, मोकळा पट्टा दिसतो. तो सगळ्या जिल्ह्यालाच दिसत असल्यामुळे गवंडी तेव्हा दुसऱ्याच्या घरावर असतो. शिमग्यात पालखी घरोघर फिरते, आणि पालखी नाचवणारे खांदे व चिरे उचलणारे खांदे एकच असतात. पुढे आंबा. पुढे लग्ने. आणि मग आकाशाकडे बघत गवंडी म्हणतो, "आता काय पाया काढताव अण्णा, मिरग आला."

म्हणून फोनवर "मिस्त्री, कधी येताय?" असे विचारू नये. "सोमवारी येतो की" असे उत्तर मिळते, आणि गवंड्याच्या सोमवाराला तारीख नसते. त्याऐवजी सकाळी सातला त्याच्या पडवीत जाऊन बसावे. चहा घ्यावा. त्याच्या मुलाच्या आयटीआयच्या प्रवेशाची चौकशी करावी, गुरांची करावी, गुडघ्याची करावी. आपल्या कामाचा विषय काढू नये. निघताना तोच काढतो. हा उपाय सावकाश लागू पडतो, पण दुसरा उपाय नाही.

पायाला नारळ फुटतो तेव्हा गाऱ्हाणे घालणारा वडीलधारा गावकरी देवाकडे तुमचे आणि चुलत्याचे भले एकाच दमात मागतो. 'होय महाराजा' मोठ्याने म्हणावे. चुलताही तिथेच उभा असतो आणि त्यालाही म्हणावे लागते. स्टॅम्पपेपरवरल्या कोणत्याही संमतीपत्रापेक्षा हे गावात जास्त टिकते.

मग आखणी. मिस्त्री सुतळीने गुण्या काढतो: कोपऱ्यापासून एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर, आणि दोन खुणांमधले तिरके अंतर पाच फूट भरले की कोपरा काटकोनात. पद्धत निर्दोष आहे. फक्त सुतळीचे दुसरे टोक शाळेला दांडी मारलेल्या एखाद्या पोराच्या हातात असते आणि पोरगा म्हशीकडे बघत असतो. चारी खुंट्या ठोकून झाल्या की दोन्ही कर्ण स्वतः मोजावेत. फरक बोटभर असेल तर गप्प बसावे. वीतभर असेल तर मिस्त्रीला चूक दाखवू नये. टेप पुढे करून 'ही माझी टेप बरोबर आहे ना, बघा जरा' म्हणावे. तो मोजतो, टेपला नावे ठेवतो आणि खुंटी हलवतो.

भिंती चिऱ्याच्या घ्याव्यात. खाणीतून निघताना जांभा मऊ असतो, सहज तासता येतो, आणि हवा लागली की कडक होत जातो. एकेक चिरा पंचवीस-तीस किलोचा. तो घेऊन आलेला ट्रक वरच्या रस्त्यावर थांबतो, कारण खाली पाखाडी आहे, आणि पाखाडी बांधणाऱ्यांनी ट्रक पाहिलेला नव्हता. वरून खाली चिरे डोक्यावरून येतात आणि खालची मोजणी वरच्या मोजणीपेक्षा कमी भरते. उरलेले चिरे दुसऱ्या दिवशी वाटेतल्या शेजाऱ्याच्या गडग्यात दिसतील. तो गडगा गेल्या पावसात ढासळलेला होता. चिरे परत मागू नयेत. आता त्या शेजाऱ्यालाही हे वर्कशॉप आपले वाटू लागते, आणि पुढे पाण्याची मोटर त्याचीच लागणार असते. भिंतीवर आठवडाभर तरी पाणी मारायचे आहे.

सिमेंटबाबत शास्त्र स्पष्ट आहे. गोण्या कोरड्या बंद खोलीत, जमिनीपासून वर फळ्यांवर, भिंतीपासून सुट्या ठेवाव्यात. तीन महिने पडून राहिल्या तर साधारण पाचवा हिस्सा ताकद जाते. म्हणजे वर्कशॉप बांधायला आधी एक कोरडी बंद खोली, अर्थात वर्कशॉप, लागते. या कोड्याचे उत्तर घरोघर एकच निघाले आहे: माजघर. "चार दिवसांचा प्रश्न आहे," असे सौभाग्यवतींना सांगावे. सांगताना कॅलेंडरकडे पाठ असावी.

छपराच्या बाबतीत मात्र थोडे गंभीर होऊ. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि मंडणगड-दापोलीतल्या पत्र्यांनी वाड्या बदलल्या. वाऱ्याचा पत्र्यावर दाब पडतो असे वाटते, पण उतरत्या छपराला वारा बहुधा वर उचलतो. म्हणून कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळींत स्क्रू दाट हवेत, आणि कैची भिंतीवर नुसती टेकवलेली न ठेवता बोल्टाने खालच्या काँक्रीटच्या पट्ट्यात जखडलेली हवी. पत्र्यावर चिरे ठेवण्याची जुनी पद्धत आहे. वादळात पत्रा वर जातो आणि चिरा खाली येतो; आपण त्या वेळी कुठे असू ते कोणी सांगावे? इथे पैसे वाचवू नयेत. वाचवायचेच असतील तर रंगात वाचवावेत, पहिल्या पावसानंतर सगळ्या भिंती शेवाळी रंगाच्याच होतात.

मशीन घेण्यापूर्वी गावातल्या संध्याकाळी सातच्या व्होल्टेजला एकदा भेटून यावे. कागदावर ते 230 असते. 160 वर आले की मोटरीचा सुरू होतानाचा जोर निम्म्याहून खाली जातो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबात घटतो; मोटर गुणगुणते, फिरत नाही, आणि थोड्या वेळाने जळका वास येतो. शेतीपंपाच्या जोडणीवर रंधा चालवण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. विद्युत अधिनियम 2003 त्याला अनधिकृत वापर म्हणतो, आणि सल्ला देणारा त्या दिवशी चिपळूणला गेलेला असतो. वेगळा मीटर घ्यावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भाताच्या गिरणीवाल्याशी मैत्री ठेवावी आणि त्याची गिरणी बंद असेल तेव्हाच जाड लाकूड फाडावे.

लाकडालाही ऋतू कळतात. रेषांच्या आडव्या दिशेने ते दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते. पौषात नेमका बसवलेला खण आषाढात उघडत नाही. आषाढात नेमका बसवलेला पौषात खडखडतो. खणात काय आहे हे आठवत असेल तर उघडण्याची घाई करू नये. पटाश्यांना आणि रंध्याच्या पात्याला खोबरेल किंवा मशीनचे तेल लावून कापडात गुंडाळावे, नाहीतर खारा वारा गणपतीपर्यंत त्यांचा रंग चिऱ्याशी जुळवून टाकतो.

छप्पर चढले, दाराला कडी बसली, की मार्गदर्शनातला सर्वांत नाजूक टप्पा येतो. कोरडी, बंद होणारी आणि कोणी राहत नसलेली अशी दुसरी जागा वाडीत नसते. प्रथम चुलत्याच्या भाताच्या कणग्या येतात, 'पावसापुरत्या'. मग वाडीच्या लग्नकार्याची पातेली. मग भजनी मंडळाचा पखवाज आणि पेटी. नकार देण्याचा प्रश्न नसतो. पाया, पाणी, चिरे आणि 'होय महाराजा' हे सगळे त्यांचेच आहे. भजनी मंडळाला मात्र आनंदाने जागा द्यावी, कारण पेटी असलेल्या खोलीतून कोणी पक्कडसुद्धा उचलत नाही. भाताबरोबर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. धामण असेल तर तिला बिनपगारी राखणदार समजावे. घोणस असेल तर दार ओढून घ्यावे, सर्पमित्राला बोलवावे आणि दोन दिवस फक्त नकाशे काढावेत.

या सगळ्यातून एक भिंत आपल्याकडे राखावी. त्या भिंतीला टेबल लावावे. हात सरळ खाली सोडला की मनगट जिथे येते तेवढी त्याची उंची. चुलता येऊन त्यावर पानाचा डबा ठेवेल. डबा उचलून त्याच्या हातात द्यावा, मालकीहक्काचा पहिला प्रसंग म्हणून हा पुरेसा आहे.

मग पहिली वस्तू बनवावी. व्हिडिओतला जेवणाचा टेबल डोक्यातून काढून टाकावा आणि आत्याने सांगितलेला गणपतीचा चौरंग घ्यावा. चौरंगाचे पाय लंगडले तर पाय काढून टाकावेत, पाट होतो. पाटाची एक कड चिरली तर ती कापून, कोपरे गोल करून पोळपाट करावा. पोळपाटाला मधोमध भेग गेली तर त्यातून दोन-चार खुंट्या सहज निघतात. खुंट्या वाकड्या तासल्या गेल्या तर आणखी तासून पाचरी कराव्यात. पाचर बिघडवता येत नाही, आणि वर्कशॉपचे दार एव्हाना पावसाने फुगून बसायचे बंद झालेले असते.