त्सुनामीपासून सुरक्षित जालना

जालना जिल्ह्याने आता त्सुनामीला घाबरायचं कारण नाही. विमा नियामकाच्या आदेशाने 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही घराची पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे एकाच नमुन्यात मिळते. तिच्यात पूर, वादळ, वीज, भूकंप तर आहेतच. शिवाय ज्वालामुखी, त्सुनामी आणि क्षेपणास्त्राची चाचणी यांपासूनही संरक्षण आहे. जालन्याहून समुद्र बघायला रात्रभर रेल्वेत बसावं लागतं, ही बाब अलाहिदा.

तरीही ही पॉलिसी घेतलेला माणूस जिल्ह्यातल्या घनसावंगीत कुणी शोधून दाखवावा. अर्जात घराचा कार्पेट एरिया लिहायचा असतो, कारण विम्याची रक्कम त्यावरून ठरते. माळवदाच्या घरात ओसरी असते, बळद असतं, दावणीला बैल असतो. कार्पेट अंथरलंच तर लग्नात, तेही मंडपवाल्याचं.

मोटारसायकलचा विमा असतो, कारण चौकात पोलीस असतो. पिकाचा निघाला, कारण 2023 साली सरकारने तो एका रुपयात दिला. (बोगस अर्जांचं पीक जोमात आलं आणि 2025च्या खरिपापासून तो रुपयाही गेला.) म्हणजे सोयाबीनला विमा, आणि ज्या घरात सोयाबीनची थप्पी लागते ते घर रामभरोसे.

घर पडलं की तलाठी येतो. त्याला हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पदनाम बदललं, टेप तोच. पक्कं घर पूर्ण पडलं तर आपत्ती निधीच्या निकषाने 1 लाख 20 हजार रुपये. अंशतः पडलं तर 6,500, तेही किमान 15 टक्के पडलं असेल तरच. ढासळलेली भिंत 14 टक्के की 15, याचा निवाडा चिखलात उभं राहून होतो. घरमालकाने मनातल्या मनात आणखी एक वीट पडो म्हणून देवाला साकडं घातलं, तर त्याला नावं ठेवू नयेत.

पंचनाम्यांची कल्पकता वाखाणण्यासारखी. अंबड-घनसावंगीत अतिवृष्टीच्या अनुदानात बोगस लाभार्थी निघाले, 2025 मध्ये तलाठी निलंबित झाले. ज्यांना जमीनच नाही, त्यांचंही पीक वाहून गेलं होतं!

त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटलं, जायकवाडीतून सुटलेलं पाणी गोदाकाठच्या गावांत शिरलं. त्याच महिन्याच्या 22 तारखेपासून केंद्राने वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी शून्यावर आणला. घराच्या विम्यावर तो 18 टक्केच राहिला.