घाला की दोन गिट्ट्या!

इचलकरंजीशेजारच्या कबनुरात गिझर घ्यायचा म्हटलं की घरात लोकसभा भरते. 15 लिटरचा की 25चा, स्टार किती, वॉरंटी कशाची, इचलकरंजीत घ्यावा की थेट कोल्हापूर गाठावं. तो टांगायचा कशावर, हा ठराव मात्र वायरमन दारात आल्यावर मांडला जातो आणि एकमतानं मंजूर होतो. ‘‘घालूया दोन गिट्ट्या मालक, काय हुईत न्हाई.’’

25 लिटर पाण्याचं वजन 25 किलो. त्यावर टाकीचं वेगळं. शिवाय हे ओझं भिंतीच्या पुढं लोंबतं, त्यामुळं वरचा बोल्ट खाली वाकण्याआधी बाहेर ओढला जातो. बोल्ट धरायला भिंतीत ठोकलेली गिट्टी आखूड असेल तर ती अर्धा इंच गिलाव्यातच मुक्कामाला. विटेची आणि तिची ओळखसुद्धा होत नाही.

वास्तविक ड्रिल सुरू झालं की भिंत आपली कुंडली स्वतःच सांगते. लाल पूड आली तर वीट. करडी, भुसभुशीत पूड येत राहिली आणि बिट सरसर आत गेला तर सांधा. तिथं भोक पाडण्यात अर्थ नाही. 8 मिलिमीटरची गिट्टी तर बिटही 8चा. भोकातली पूड काढून टाकायची. पण हे करायला वेळ कुणाला? भोक मोठं झालं तर आगपेटीच्या काड्या आहेतच. कबनूरच्या किती भिंती या काड्यांच्या भरवशावर उभा संसार पेलतात, याची मोजदाद व्हायला हवी.

दुसरं टोक म्हणजे ‘मजबूत पायजे’वाले. ते लोखंडी फास्टनरच आणतात. त्याची नळी आवळली की फुगते आणि भोवतालच्या भिंतीला रेटते. काँक्रीटला ते सोसतं. साडेचार इंची भिंतीत, विटेच्या कडेला तो पान्यानं करकचून आवळला की वीटच तडकते. पोकळ ब्लॉकमध्ये तर रेटायलाच काही नसतं. तिथं जाळीच्या नळीत रासायनिक लगदा भरून बोल्ट बसवावा लागतो.

ही गिट्टी मुळात परदेशी. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या भिंती खराब न करता विजेची जोडणी करायची म्हणून जॉन रॉलिंग्ज यांनी 1911च्या सुमारास ताग आणि जनावराचं रक्त यांची गिट्टी केली. जर्मनीत आर्थर फिशर यांनी 1958 साली नायलॉनची आणली. दोघांपैकी कुणाच्याही शेजारी यंत्रमाग नव्हता. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढं ती खडखड कबनूरच्या घराघरांत शिरली. मागाचा धोटा धावू लागला की आजोबांचा फोटो तिरका होतो; नट सैल व्हायला आणखी काय हवं? म्हणून इथं स्प्रिंग वॉशर लागतो. तो बहुधा वायरमनच्या पिशवीतच राहतो.

काड्या कोंबून झाल्यावर सल्ला ठरलेला : ‘‘पाणी जरा अर्धंच भरा.’’ गिझरमध्ये गार पाणी आत आल्याशिवाय गरम बाहेर पडत नाही, टाकी सदैव गच्च असते. पण तोवर ‘मालक’ चहा सांगायला आत गेलेले असतात.