अर्धा ब्रास मुरूम

धसईच्या आमच्या जागेवर पाहुणे आले की मी त्यांना आंबे दाखवत नाही. कलमं अजून गुडघ्याएवढी आहेत आणि बंगला नकाशातच आहे. मी दाखवतो अवजारांच्या शेडचा पाया. दहा फूट बाय आठ फूट. पाहुणे 'छान' म्हणतात आणि पत्र्याकडे बघतात. अहो, पत्रा कोणीही घालतं! खाली बघा, खाली.

आत एक फावडं, एक कुदळ, दोन घमेली आणि हौसेने घेतलेली, अजून कोरी असलेली गवत कापायची कात्री. एवढ्या ऐवजाला पाया कशाला, असा प्रश्न घरातून आला. "पत्र्याची पेटी घ्या आणि साखळीने झाडाला बांधा," असंही सुचवण्यात आलं. त्यावर मी सांगितलं की इकडे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, त्यात खाचराची माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर ठेवलेली वस्तू दरवर्षी थोडी थोडी शेजाऱ्याच्या हद्दीत सरकते. शेवटचं कलम मी पदरचं घातलं. जमिनीचा विषय निघाला की घरात एकमत व्हायला वेळ लागत नाही.

गवंड्याचं म्हणणं होतं, चार इंच काँक्रीट ओता आणि मोकळे व्हा. म्हणजे सत्तावीस घनफूट माल आणि त्यासाठी सिमेंटच्या गोण्या. सगळी नोकरी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेलेल्या माणसाला असं बोलायचं नसतं. मी वही काढली. वरची सहा इंच माती उचलायची, त्या जागी बांधावरचं फुकटचं डबर बसवायचं, त्यावर सहा इंच मुरूम, मग कच पसरून शहाबादी. कडेने मोठे दगड. सिमेंट फक्त चार खांबांच्या बुडात. जोतं जमिनीपासून वीतभर वर. ऐंशी चौरस फुटांना सहा इंच म्हणजे चाळीस घनफूट मुरूम. चोपल्यावर तो दबतो म्हणून पंचवीस टक्के वाढीव, एकूण पन्नास. शंभर घनफुटांचा एक ब्रास. म्हणजे बरोबर अर्धा! असा आकडा जुळून आला की मला अजूनही पगारवाढ झाल्यासारखं वाटतं.

आता मुरमाबद्दल बोलायला लागलो की घरचे उठून जातात, तुम्ही बसा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. आपल्या मुरबाड तालुक्यातला सिद्धगड, गोरखगड, वरचा नाणेघाट, सगळा त्याचाच काळा कातळ. त्याच सुमाराला डायनासोर गेले, कातळ राहिला. मग ऊन-पाण्याने तो हळूहळू सुटत, भुगा होत गेला आणि मुरूम झाला. नाणेघाटात सातवाहनांनी हाच कातळ कोरून लेख लिहिले. मी त्याचा भुगा फावड्याखाली घातला. इतिहासात दोघांची नोंद एकाच पानावर व्हावी असा माझा आग्रह नाही, पण हरकतही नाही. सरकारदरबारी मुरूम 'गौण खनिज' आहे. ज्याने हे नाव ठेवलं त्याने मुरूम कधी चोपलेला नसावा. तीन-तीन इंचांचे थर द्यायचे, पाणी मारायचं, पण बेताने. मुठीत दाबला तर गोळा वळला पाहिजे आणि बोटांतून पाणी सुटता कामा नये. मग धुमस. मूठ वळून बघण्याचं काम मी स्वतःकडे ठेवलं होतं. धुमस नाही.

मुरूम टाकून ट्रॅक्टरवाल्याने पैसे मागितले, तेही नोटांत. 1 डिसेंबर 2016 रोजी महाराष्ट्रातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालेल्या धसईत! मी मोबाइल पुढे केला. "इथं रेंज कुठाय शेठ," तो म्हणाला.

धुमस चालवायला पाड्यावरचे एक कातकरी मामा आले होते. दुपारी त्यांनी विचारलं, "शेठ, हितं ऱ्हाणार कोन?"

"कोणी नाही. फावडं राहणार."

ते मनापासून हसले आणि पुन्हा चोपायला लागले. संध्याकाळी मजुरी घेताना म्हणाले, "उरलेला मुरूम न्हेऊ का? चार घमेली. दारात टाकतो. पावसाचं पानी आत येतं."

उरलेलं काही नव्हतं. घमेलंभरही नाही. तासाभरापूर्वी मी हेच फोनवर बायकोला छाती काढून सांगितलं होतं.

मामांच्या घराला जोतं नाही. ठाणे-रायगडातल्या कितीतरी कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. तिथे जोतं उचलणं म्हणजे हक्क सांगणं, म्हणून माणसं पिढ्यान्‌पिढ्या जमिनीलगतच राहतात आणि दिवाळी झाली की वीटभट्टीवर दुसऱ्यांच्या घरांच्या विटा पाडायला जातात. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राने पीएम-जनमन योजना आणली. तिच्यात कातकरी आहेत, घराला दोन लाख रुपयेही आहेत. पण पाया घालायला पायाखालची जमीन आपली लागते. माझ्या कोऱ्या कात्रीखाली सातबारा आहे. हे मला आजही नीट पचत नाही, आणि हिशेबाच्या वहीत त्याला रकानाही सापडत नाही.

तेव्हा धसई-टोकावडे पट्ट्यात माझ्यासारख्या हौसेने जागा घेतलेल्या मंडळींना एक विनंती. डबर बांधावरचंच घ्या, सिमेंट खांबांपुरतंच वापरा, शहाबादी घासाघीस करूनच आणा. मुरूम मात्र अर्धा ब्रास लागत असेल तर एक सांगा आणि ट्रॅक्टरवाल्याला उरलेला पाड्यावर उतरवायला लावा. हे मेअखेरच्या आत करा. जून लागला की त्या वाटेवर ट्रॅक्टर जात नाही.