ए.सी.ला तालुका असतो

डिचोली घ्या नाहीतर पेडणे, प्रत्येक वाड्यावर एक भाई असतातच. मे महिन्याच्या दुपारी कुणाच्या ए.सी.तून गरम वारा येऊ लागला की घरातले एक पोर मेकॅनिकला फोन लावते आणि दुसरे भाईंकडे पळते. मेकॅनिक ‘उद्या येतो’ म्हणतो. भाई तोवर शर्टाची बटणे लावत पायरी चढलेले असतात. खिशाला टेस्टर, हातात रंगकामातून निवृत्त झालेला ब्रश, आणि चेहऱ्यावर दुसऱ्याच्या संकटात लपवता न येणारा आनंद.

आमचे भाई डिचोलीकडच्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये होते. पोकलेन, टिपर, पंप, सगळ्यांची पोटे त्यांनी उघडून पाहिलेली. २०१२ साली खाणी बंद झाल्या. यंत्रे गप्प बसली, भाईंचे हात काही गप्प बसेनात. आधी शेजाऱ्यांचे मिक्सर झाले, मग विहिरीवरचे पंप आणि वाड्यावर ए.सी. येऊ लागले तसे ए.सी.

त्यांचे पहिले वाक्य ठरलेले: ‘आदीं रिमोट हाड.’ ए.सी.कडे ते बघतही नाहीत. रिमोटवर बर्फाच्या चांदणीची खूण आहे का, एवढेच बघतात. कारण बऱ्याचदा नातवाने खेळता खेळता मोड पंख्यावर नेलेला असतो आणि घरचे ‘कंप्रेसर गेला’ म्हणून खर्चाचा हिशोब मांडून बसलेले असतात. रिमोट निर्दोष सुटला तर पाळी फिल्टरची. जाळी काढून भाई ती खिडकीकडे धरतात. पलीकडचा माड दिसला नाही, तर काही न बोलता यजमानांकडे बघतात. यजमान मुकाट्याने जाळी घेऊन मोरीकडे जातात.

मग मोर्चा बाहेरच्या युनिटकडे. इथे भाईंचा आवडता सिद्धांत ऐकावा लागतो: ‘ए.सी.ला तालुका असतो.’ डिचोलीचा ए.सी. धुळीने आजारी पडतो, पेडण्याचा खाऱ्या वाऱ्याने. खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ युनिटच्या पातळ पत्र्यांत जाऊन बसते. खोलीतली उष्णता बाहेर टाकायची वाटच बुजली, तर आत गार येणार कुठून? हरमल-मोरजीकडे त्याच पत्र्या खारी हवा खाते, बोट लावले की भुगा. हा अनुभव भाचेकृपेने आलेला. २०२३ च्या जानेवारीत मोपाहून विमाने उडू लागली आणि पेडण्याच्या भाच्याने भाड्याला खोल्या काढल्या. तेव्हापासून भाईंची प्रॅक्टिस दोन तालुक्यांत चालते.

बाहेरचा पंखा नुसता गुणगुणत असला, फिरत नसला, की भाई माडाची हीर मागवतात. सगळ्यांना चार पावले मागे सारून हीर जाळीतून आत घालतात आणि पात्याला हळूच ढकलतात. पंखा फिरू लागला की विजयी स्वरात निकाल: ‘कपॅसिटर!’ पोरांना ताकीदही मिळते, की मेन बंद केला तरी हा लबाड पोटात करंट धरून बसतो, त्याला कुणी हात लावायचा नाही. चवथीला मुंबईची मंडळी गावी आली की वेगळेच. सगळ्या घरांतले ए.सी. एकदम लागतात, व्होल्टेज कोसळते, कंप्रेसर उठत नाही, आतला पंखा तेवढा फिरतो. ‘हा रोग नव्हे, गर्दी,’ असे म्हणून भाई नेवऱ्या घेऊन घरी जातात.

त्यांच्यासमोर ‘गॅस गेला’ म्हणायची मात्र सोय नाही. ‘गॅस म्हणजे काय स्कूटरचं पेट्रोल? चालवला म्हणून संपत नसतो तो. गळला तरच कमी होतो. सांध्याला साबणाचा फेस लाव, बुडबुडा कुठे येतो दाखव, मग भर.’ हे ऐकून मेकॅनिकने वाद घातलाच, तर भाई थेट १९८७ च्या मॉन्ट्रियल करारापर्यंत जातात. जुना आर-२२ ओझोनला कसा वाईट, नवा आर-३२ ओझोनला निरुपद्रवी पण पेट घेऊ शकणारा कसा, आणि म्हणून मेकॅनिकने कानावरची विडी आधी बाहेर का ठेवून यावी, इथवर.

पण भाईंची खरी गंमत त्या तीन मिनिटांत. ए.सी. बंद करून पुन्हा लावला की कंप्रेसर तीनेक मिनिटे थांबूनच सुरू होतो. त्या वेळात कुणाला काही करता येत नाही. भाई खुर्ची ओढून बसतात. चहा येतो. खाणीच्या उतारावर ब्रेक गेलेला टिपर त्या तीन मिनिटांत सुरू होतो आणि कंप्रेसर लागला तरी थांबत नाही. कधी कधी गोष्ट रंगात आलेली असते, म्हणून भाई ए.सी. पुन्हा एकदा बंद करून बघतात.

मयेतल्या एका घरी सगळे तपासून झाले. बोर्डावर मेलेली पाल नाही, हुमल्यांचे घरटे नाही, व्होल्टेज बरोबर, तरी वारा गरम. भाई चष्मा कपाळावर चढवून विचारात पडले. तेवढ्यात घरातली म्हातारी म्हणाली, ‘पावसात भिजू नये म्हणून मी मागे ताडपत्री बांधली होती, ती सोडायची होती का रे?’ भाई क्षणभरही डगमगले नाहीत. ‘तेच म्हणणार होतो,’ म्हणाले आणि सुंभ सोडायला स्वतः गेले. कुणी हसले नाही. पैसे ते घेत नाहीत, मग हसायचे कोणत्या तोंडाने? जाताना पिशवीत दोन मानकुराद घातले, की भाई खूश.

त्यांच्या स्वतःच्या घरातला ए.सी. हा मात्र नाजूक विषय. तो बिघडला की वहिनी चकार शब्द बोलत नाहीत. भाई भाच्याकडे गेले, की मेकॅनिकला बोलावून घेतात. परवा भाई संध्याकाळी परतले तर खोली गारेगार. त्यांना संशय आला. ‘हात कुणी लावला?’ म्हणत स्टूल घेतले, टेस्टर काढला, झाकण उघडले. रात्री जेवायच्या वेळी पुन्हा गरम वारा. वहिनींनी शांतपणे आमटी वाढली आणि विचारले, ‘फाल्यां पेडण्याक वचपाचें ना?’