पैसेवारी

आप्पांना कादंबरी कशी वाटली, असं विचारायचं नसतं. किती पैसे, असं विचारायचं. मग ते चष्मा कपाळावर चढवतात, पिशवीतून लांबोडकी वही काढतात आणि सांगतात, “नजरअंदाज 62. अंतिम अजून निघायचीय.”

शेतीशी संबंध नसलेल्यांसाठी थोडा खुलासा. खरिपाचं पीक शंभर पैसे धरलं तर प्रत्यक्षात किती आलं, हा हिशेब म्हणजे पैसेवारी. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरात सुधारित, डिसेंबरात अंतिम. 50 च्या आत आली की शेतसाऱ्यात सूट, पोरांची परीक्षा फी माफ. बीड जिल्ह्यात हा आकडा माणसं क्रिकेटच्या स्कोअरसारखा ऐकतात. आप्पांनी तलाठी म्हणून उभी नोकरी हाच आकडा काढला. 2016 ला सेवानिवृत्त झाले, दप्तर पुढच्याच्या ताब्यात दिलं. सवय कुणाच्या ताब्यात देणार? ती त्यांनी वाचनालयात आणली. पन्नास पानांवर नजरअंदाज, निम्म्यावर सुधारित, आणि पुस्तक संपवून एक झोप काढली की अंतिम. 50 च्या आत गेलेल्या कादंबरीच्या वाचकाला त्या महिन्याच्या वर्गणीत सूट मिळावी, असा रीतसर अर्जही त्यांनी दिला होता. ग्रंथपालाने त्यावर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारला. त्या शेऱ्याचा अर्थ आप्पांना समजावून सांगायची गरज नव्हती.

आमचं गाव अंबाजोगाई. विवेकसिंधूकार मुकुंदराजांची समाधी इथली, लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहिणारे दासोपंत इथले, आणि 1983 चं अखिल भारतीय साहित्य संमेलनही इथेच भरलं. अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर. आप्पा तेव्हा नोकरीत नवे होते आणि वरच्या साहेबांनी त्यांना मांडवाच्या कामाला जुंपलं होतं. “अध्यक्षांना मी इथून तिथवर पाहिलंय,” असं ते अजून सांगतात. वाचलं मात्र निवृत्तीनंतर. ‘बनगरवाडी’ एका दिवसात संपवली आणि दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधी पायरीवर हजर.

“सर, मास्तरानं गावात तालीम बांधली.”

“हो ना. काय सुंदर प्रसंग आहे.”

“ते राहू द्या. जागा कुणाची? गावठाण का गायरान?”

मी म्हटलं, औंध संस्थानातली गोष्ट आहे, खुद्द राजेसाहेब तालमीला येतात.

“मग ठीक. राजेसाहेब आले म्हणजे जागा नियमित झाली.” शेवटच्या दुष्काळावर मात्र ते खूष होते. मेंढरं कशी गेली, माणसं कशी पांगली, सगळं बरोबर उतरलंय म्हणाले. “ह्या माणसानं पीकपाहणी बांधावर उभं राहून केलीय, चावडीत बसून नाही.” 91 पैसे. आप्पांच्या वहीत यापेक्षा मोठा आकडा मी एकदाच पाहिला.

वहीचे रकाने त्यांनी स्वतः पट्टीने आखलेत. कादंबरीचं नाव, कर्ता, चतुःसीमा, लागवडीखालील पानं, पोटखराबा, इतर हक्क, पैसेवारी, शेरा. पोटखराबा म्हणजे जमिनीतला नांगर न चालणारा भाग. कादंबरीत निसर्गवर्णन सलग तीन पानांवर गेलं की आप्पा तिथून पोटखराबा धरतात. नायक गच्चीवर एकटा उभा राहून विचार करतो, तो सगळा पोटखराबा. मुंबई-पुण्याच्या कादंबऱ्यांपुढे ते ‘एनए’, म्हणजे बिगरशेती, लिहितात. चतुःसीमेत सर्वांत देखणी नोंद विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’पुढे आहे. 1939 ची कादंबरी, सगळी बोटीवर घडते. आप्पांनी लिहिलंय: पूर्वेस पाणी, पश्चिमेस पाणी, दक्षिणेस पाणी, उत्तरेस पाणी. आणि शेऱ्यात: ‘हद्द कोणाचीच नाही म्हणून पोरीचे हाल.’ मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. ‘रणांगण’वर प्रबंधच्या प्रबंध वाचलेत. हा शेरा कुठल्याही प्रबंधात नव्हता.

पौराणिक प्रकारात आप्पांचा हात कुणी धरणार नाही. ‘मृत्युंजय’ त्यांना मनापासून आवडली, कारण शिवाजी सावंतांनी सहा जणांच्या तोंडून कथा सांगितली आहे. “सहा जबाब! कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि खुद्द श्रीकृष्ण. पण प्रकरण मुळात किती साधं होतं बघा. सरळ सहा-क ची केस. कुंतीबाईनं वारस नोंदीचा अर्ज टाकायचा, तलाठ्यानं पंधरा दिवसांची नोटीस काढायची, मंडळ अधिकाऱ्यानं फेरफार मंजूर करायचा. अठरा अक्षौहिणी माणसं वाचली असती.”

“वडिलांचं नाव काय लिहिलं असतं?”

“सूर्य. राहणार आकाश. त्याची काय हरकत यायची?”

अंगदेशाचं राज्य दुर्योधनाने तोंडी दिलं, हेही त्यांना पसंत नव्हतं. ‘ययाती’च्या वेळी तर त्यांनी मला भर बाजारात अडवलं. खांडेकरांना 1974 चं ज्ञानपीठ मिळालं, सगळं मान्य; पण तारुण्य हे स्थावर की जंगम? मी गप्प. “जंगम,” त्यांनीच निकाल दिला. “म्हणून रजिस्ट्री लागत नाही. पण बापानं पोराकडून लिहून घेतलेलं बक्षीसपत्र दबावाखालचं. रद्द होण्यास पात्र.” ‘स्वामी’वर त्यांनी एक शब्द काढला नाही. 82 लिहिले आणि पुढच्या पुस्तकाकडे वळले. काका-पुतण्यांचं भांडण बीड जिल्ह्यात कुणी कुणाला समजावून सांगायचं!

भयकथेतही कायदा चालतो, हा आप्पांचा सिद्धान्त. नारायण धारप वाचताना आमची झोप उडते. आप्पांना प्रश्न पडतो की वाड्यावर कब्जा कुणाचा. “भूत त्या वाड्यात कधीपासून राहतंय? बारा वर्षांच्या वर उघड आणि सलग राहत असंल, मूळ मालकानं हरकत घेतली नसंल, तर वाडा भुताचा. नवे भाडेकरू अतिक्रमणवाले. मांत्रिक आणून काय उपयोग? वकील आणा.” मुरलीधर खैरनारांची ‘शोध’ त्यांनी रात्र जागून वाचली, सुरतेच्या लुटीतल्या खजिन्यामागे पळून पळून दम लागला म्हणाले, तरी सकाळी पैसे कापलेच. जमिनीत दहा रुपयांवर काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, हा 1878 चा कायदा आहे आणि एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांपैकी कुणाला त्याची फिकीर नाही! नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मध्येही जमिनीतून वस्तू निघते, त्यामुळे विज्ञानकादंबरीही त्याच कलमाखाली गेली.

आमचं एकदाच वाजलं. ‘कोसला’वरून. 1963 ची ही कादंबरी मी वर्गात शिकवताना अजून हळवा होतो. आप्पांनी 48 लावले. म्हणजे दुष्काळ.

“आप्पा, अहो ‘कोसला’ आहे ती!”

“असू द्या. बाप गावाकडं राबतोय, पोरगं पुण्यात पैसे उडवतंय, परीक्षेत काय दिवे लावले ते तुम्ही वाचलंच. माझ्या पोरानं औरंगाबादला हेच केलं होतं. त्याला मी 30 लावले होते.”

मी हरकत नोंदवली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “अपील प्रांतसाहेबांकडं.” साहित्यात प्रांतसाहेब कोण, हे मी अजून शोधतो आहे.

आप्पांच्या घरात दुसरी वाचक आहे, ती काकू. आप्पांनी आणलेलं प्रत्येक पुस्तक त्यांच्या आधी, दुपारी, काकू वाचून काढतात. वही ठेवत नाहीत. गौरी देशपांड्यांची ‘एकेक पान गळावया’ आणली तेव्हा आप्पांनी नाव पाहून आधी पानं मोजून घेतली, भरपाई आपल्या गळ्यात नको म्हणून. वाचून झाल्यावर मला म्हणाले, “बाई हुशार लिहिते. पण ह्या बायकांना नेमकं पाहिजे काय, त्याचा उलगडा होईना.”

आतून चहाचे कप घेऊन काकू आल्या.

“तुमच्या बहिणींची नावं सातबाऱ्यावर कुठं लिहिली होती?”

“कुठं म्हणजे? इतर हक्कात.”

“तेच पाहिजे नाही त्यांना,” काकू म्हणाल्या आणि कप ठेवून आत गेल्या. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना बोजे, विहिरीतले हिस्से आणि बहिणी यांच्यासाठी असतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हसू येईल. बहिणींना येणार नाही. आप्पांनी चहा बशीत ओतला, बराच वेळ फुंकला. त्या पुस्तकाची अंतिम पैसेवारी सुधारितपेक्षा 20 पैशांनी वर गेली. आकडा 94. एवढी उडी त्यांच्या वहीत दुसरी नाही.

आणि एका कादंबरीपुढे पैसेच नाहीत. विश्वास पाटलांची धरणग्रस्तांवरची ‘झाडाझडती’, 1992 च्या साहित्य अकादमी पुरस्काराची. लेखक महसूल खात्यातले, म्हणून आप्पांनी ती घरच्या लग्नाला निघाल्यासारखी उत्साहाने नेली. मुदत उलटली तरी परत आली नाही; दंड भरून आली. वहीत शेऱ्याच्या रकान्यात, वरिष्ठ साहेब तपासणीला आले की टाकतात तसा, एक शब्द: ‘पाहिले.’

किती पैसे, मी विचारलं.

“माजलगाव धरणाच्या वेळी मी नवा होतो,” आप्पा म्हणाले. “वाढीव मावेजाच्या फायली पुढं कितीतरी वर्षं चालल्या. एका म्हातारीच्या चिंचेची नोंद घ्यायची होती. ती म्हणत होती, बाबा, झाड मोठं हाय, तू लहान लिहिलंस. मी मनलं, आजी, नियमात एवढंच बसतं.” मग थोडं थांबून, “मोठंच होतं.” आणि लगेच त्यांनी ग्रंथपालाकडे बाबूराव अर्नाळकरांचं काही आहे का, म्हणून चौकशी सुरू केली.

सध्या त्यांच्याकडे गावातल्या एका तरुण लेखकाचं हस्तलिखित आहे. ऊसतोडीवरची कादंबरी, मुकादम, उचल, कोयता, कारखान्याचा तळ, सगळं आहे. पोरगं बिचारं धडधडत्या छातीने आप्पांकडे अभिप्रायाला गेलं. आप्पांनी चौथ्या पानावर खूण केली, नायकाच्या बापाला तीन एकर जिरायत. दोनशे अकराव्या पानावर खूण केली, तोच बाप पाच एकर विकायला काढतो. “मधले दोन एकर कुठून आले?” पोरगं म्हणालं, आप्पा, ते लक्षणेनं घ्या. आप्पा म्हणाले, “घेतो. खरेदीखत दाखव.”

लिहिणाऱ्या मंडळींना म्हणून एकच विनंती. नायकाची जमीन पहिल्या प्रकरणात जेवढी असेल, तेवढीच शेवटपर्यंत ठेवा; कमी-जास्त झाली तर कुणाकडून घेतली आणि कुणाला दिली तेवढं सांगून टाका. अंबाजोगाईत एक माणूस बेरीज करतो.