कार्बोरेटर शेवटी उघडा

शिरवळमध्ये बंद पडलेलं यंत्र दुरुस्त होत नाही, असं सहसा घडत नाही. हायवेच्या कडेला ट्रकचं इंजिन उतरवतात, लेथवर हवा तो बुश कातून मिळतो. पण वीर धरणाच्या फुगवट्यात चालणाऱ्या होडीची मोटर पुढ्यात ठेवली, की मिस्त्री थेट कार्बोरेटर खोलायला घेतो. काठावर उभा असलेला, होडीत कधी पाय न ठेवलेला माणूसही सांगतो, "कार्बोरेटर साफ करून घ्या." माझी तक्रार त्याबद्दल आहे.

मोटर दोन दोरीत सुरू होते, झकास चालते आणि काठापासून लांब गेली की गुदमरून बंद पडते. अशा वेळी आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघायला हवा. तो आवळलेला राहिला असेल, तर झाकण सैल करताच फुस्स होतं, पाइपातला चपटा झालेला रबरी फुगा पुन्हा भरतो आणि मोटर चालू होते. खर्च शून्य.

मग पेट्रोल. 20 टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट सरकारने 2021 मध्ये 2030 वरून 2025 वर आणलं, आणि आता पंपावर तेच मिळतं. नीरेच्या कालव्यांवर ऊस पिकवणाऱ्यांना त्यातून दोन पैसे मिळत असतील तर चांगलंच आहे. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. अर्धी टाकी पावसाळाभर होडीत पडून राहिली, की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं. तळातलं थोडं काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरा, दोन थर स्वच्छ दिसतात. टू-स्ट्रोकचं ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं, आणि टाकीतली नळी ओढते तळातून. म्हणजे इंजिनाला पाणीही जातं आणि वंगणही मिळत नाही. त्यात पिस्टन खरवडला जातो. जुने रबरी पाइपही इथेनॉलने मऊ पडतात, तेही वाकवून बघावेत.

प्लग आणि थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार पाहायला तर मिनिटही लागत नाही.

एवढं सगळं ठीक असेल, तर खुशाल कार्बोरेटर उघडा. फक्त जेटचं भोक तारेने कोरू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मोटर पेट्रोल पिते, काळा धूर सोडते, आणि तो जेट शिरवळच्या एकाही दुकानात मिळत नाही.